पहिला घड आणि ओमानचा कागद

२० नोव्हें., गुरुवार

खालची बाग तयार. आज स्वतः फिरून बघितली. केळ्याच्या अंगावरच्या धारा अजून हाताला लागतात. त्या भरून केळं गोल झालं की ते परदेशी जायच्या कामाचं नाही. आठवडा हातात आहे, फार तर थोडा वर.

हमीदचा आवाजातला निरोप आला. माझी केळी घेणारा इराणी व्यापारी, पण पुण्यात शिकला, त्यामुळे मला अजून वहिनीच म्हणतो. "वहिनी, बातम्या ऐकू नका, माल पाठवा." बातम्या मी ऐकतच नाही. आमचे सर ऐकतात आणि लोणखेड्याच्या कॉलेजात पोरांना ऐकवतात. नवऱ्याला सर म्हणते म्हणून माहेरचे हसतात, पण अख्खं प्रकाशा गाव म्हणतं तर मी कशाला वेगळी पडू?

सरांनी जेवताना सगळं समजावलं. इराण अतिरेक्यांना पैसा आणि हत्यारं पुरवतो असं अमेरिका म्हणते, इराण म्हणतो साफ खोटं, आणि त्या भांडणात निर्बंध पुन्हा आवळलेत. मी विचारलं, केळ्यावर? म्हणाले, केळ्यावर नाही. खाण्याच्या वस्तूंना बंदी घालणाऱ्यांनीही मोकळं सोडलंय. पण बँका आणि जहाजवाले घाबरतात.

घाबरू देत. मी इतकी वर्षं पाठवतेय, माझं एक खोकं परत आलेलं नाही.

२२ नोव्हें., शनि.

सारंगखेड्याहून रतन आला. यात्रेची तयारी सुरू झाली म्हणे, घोड्यांसाठी जागा आखतायत. माझा धाकटा भाऊ, फौजेतून येऊन बरीच वर्षं झाली, पण बसतो अजून ताठ. काश्मिरात त्याच्या शेजारी उभा असलेला सोबती स्फोटात गेला. त्या दिवसाबद्दल तो घरात कधी बोलत नाही. रतनच्या डाव्या पायात अजून धातूचा तुकडा आहे, थंडी पडली की दुखतो.

पॅकहाऊसमध्ये फारसी छापलेली खोकी बघितली आणि चहाचा कप खाली ठेवला.

"आक्का, अतिरेक्यासले पोसतस त्यासले तू केळी धाडी ऱ्हायनी."

मी म्हटलं, अरे तुझा वैरी तो देश नाही, तो वेगळा. म्हणाला, पोसणारे सगळे एकाच माळेतले. मी म्हटलं, केळी सरकार खात नाही, पोरं खातात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्याच्यासाठीच केली होती, ठेचाही. अर्धी खाऊन उठला.

राग आला. खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. पण माझ्या बागेत काय करायचं ते मी ठरवणार.

२४ नोव्हें., सोमवार

मुंबईच्या एजंटचा फोन सकाळीच. जहाजात जागा मिळाली, कागद दोन दिवसांत. झालं. मी म्हटलं होतंच.

सोमवार होता, महादेवाचा वार. पहिला घड काढला आणि देवळात वाहून आले. एकही डाग नसलेला घड, सहा-सात फण्या भरगच्च. तापीला पाणी छान आहे. पायऱ्यांवर शेजारच्या वाड्यातली बाई भेटली, कापनी लागनी का वं, म्हणाली. मी हसले नुसती.

सर रुसलेत. "कागद हातमा येवू दे, मंग घड काढ," असं कालच सांगितलं होतं त्यांनी. मी म्हटलं, देवाला कागद लागत नाही. बोलून मलाच बरं वाटलं.

२५ नोव्हें., मंगळ.

माझी चूक. लिहून ठेवते म्हणजे विसरणार नाही.

शहाद्याला कोल्ड स्टोरेजवाल्याशी बोलायला गेले होते. परत आले तर बागेत कापणी चालू. खालची बाग जवळजवळ निम्मी मोकळी. फण्या तुरटीच्या पाण्यात, बाया चीक धुतायत, मार्था खोक्यांत फोम घालतेय. नवापूरकडच्या डोंगरातली मार्था दर हंगामात टोळी घेऊन येते आणि तिच्याइतका नीट घड खांद्यावरून कोणी उतरवत नाही.

मी म्हटलं, कोणी सांगितलं कापायला?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काकी, काल पहिला घड देवाला गेला ना. घड गेला की दुसऱ्या दिवशी कापणी. दरवर्षी तसंच असतं. तुम्ही कधी बोलवायला येता?"

खरंय. मी कधीच बोलवायला जात नाही. मीच लावलेली पद्धत, चर्चमध्ये जाणारी मार्थासुद्धा ती घड्याळासारखी पाळते. देवाला कागद लागत नाही म्हणाले, पण टोळीला मी काय सांगितलं ते मीच विसरले.

कापलेलं केळं झाडाला परत लावता येत नाही. म्हटलं, कापा उरलेलं. उद्या कागद येणारच आहेत.

२६ नोव्हें., बुध.

कागद आले नाहीत. जहाजवाल्यांनी नकार दिला. इराणला जाणारा कुठलाच माल घ्यायचा नाही असं वरून आलंय म्हणे. केळी आहेत की बंदुका, विचारलंही नाही.

एजंट म्हणतो, मॅडम, एवढं काही नाही. माल ओमानला जातोय असं दाखवू. तिकडून छोट्या जहाजांनी पलीकडे जातोच. खोकी मात्र कोरी घ्यायची, प्रकाशाचं नाव नको, फारसी नको. आणि शेवटचं गिऱ्हाईक ओमानचंच, अशी एक सही. "सगळे हेच करतात."

सगळे करत असतील. मी एक सही करायची आणि माल हमीदकडे. हमीदला मी शब्द दिलाय आणि शब्द चुकवलेला नाही आजवर. दुसरीकडे सही खोटी. माझ्याच हाताने माझ्या केळ्यांचं गाव पुसायचं.

सरांना विचारलं. वाटलं होतं लेक्चर देतील. म्हणाले, इराणला केळी पाठवणं गुन्हा नाही, पण खोटी सही हा गुन्हाच, आणि तो तुझ्या नावावर असेल. मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

२७ नोव्हें., गुरु.

खोकी थंड खोलीत ठेवलीत. केळं झोपलंय, पण कायमचं झोपणार नाही.

रतनला मीच फोन केला. का केला माहीत नाही. वाटलं होतं, म्हणेल बरं झालं. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला:

"धाडानं व्हई ते उघड धाड. चोरीसन धाडू नको. माले तुन्हं धाडनं पटत नही, पन चोरी ते आजिबात नही पटनार."

म्हणजे पाठवणं चूक आणि लपवून पाठवणं त्याहून चूक. माझ्या भावाचं डोकं असं सरळ चालतं. मला त्याचा हेवा वाटतो कधीकधी.

एजंटला कळवलं, सही नाही.

२८ नोव्हें., शुक्र.

माल इंदूरच्या व्यापाऱ्याला दिला. आमच्याच खोक्यांत, फारसी अक्षरांसकट. तिकडे लोक वाचून काय समजतील देव जाणे. मार्था म्हणाली, काकी, केळी तर आपलीच. हो म्हटलं. पण गाडी फाटकातून बाहेर पडताना बघवेना, आत येऊन भांडी घासत बसले.

हमीदला फोन केला. सांगायचं तर मीच सांगायचं. त्याने शांतपणे ऐकलं.

"वहिनी, तुमची सही साफ राहिली. अच्छा है. इथे बाजारात सगळे ओमानचीच केळी खातात."

टोमणा होता की खरंच अच्छा है, कळलं नाही. रात्रीच्या जेवणात चव लागली नाही, एवढं खरं. तरी सही केली असती असं मला वाटत नाही. पुन्हा विचारून बघितलं मनाला, नाही वाटत.

३ डिसें., बुध.

वरची बाग तयार होत आली. मी हात टेकलेले नाहीत.

सरांना म्हटलं, तुमचं राज्यशास्त्र कधी कामाला येणार? टेबलाशी बसले आणि तीन जहाज कंपन्यांना इंग्रजीत मेल लिहिले. खाण्याचा माल, शेतातला, कुठून कुठे जातो ते उघड, घेणाऱ्याचं नाव उघड, निर्बंधांतली सूट अमुक कलमात. वाचून दाखवताना आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. मी मधे एकदाही टोकलं नाही. त्यांनी वर बघून विचारलं, बरी आहेस ना?

एका कंपनीचं उत्तर संध्याकाळीच आलं. कागद सरळ असतील तर विचार करू, बँकेची संमती आली की कळवू. नाही म्हटलं नाही, एवढं पुरे.

५ डिसें., शुक्र.

यात्रा भरली. काल गेलो होतो सारंगखेड्याला. गर्दी, धूळ, नाचणारे घोडे, रतनच्या अंगणात पाहुणे. मी ओसरीवर बसले होते तेवढ्यात हमीदचा फोन. जहाजाचं काय झालं, विचारत होता. रतन समोरच. मला काय सुचलं कोण जाणे, फोन त्याच्या हातात दिला. म्हटलं, हा माझा भाऊ, फौजेत होता, तुझ्या देशावर रागावलाय, बोल त्याच्याशी.

दोघं हिंदीत बोलले. रतन आधी फक्त हं हं करत होता. मग उठून गोठ्याकडे गेला, लंगडत, फोन कानाला. बराच वेळ आला नाही.

आल्यावर फोन दिला आणि पाणी प्यायला. त्यानंच सांगितलं. हमीदचा धाकटा भाऊ तिकडच्या गर्दीत झालेल्या स्फोटात गेला. अतिरेक्यांनीच केलेला. हमीदने मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. एकदा बाग बघायला आला होता, तेव्हा आमच्या झोपाळ्यावर बसून ठेचा खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी तिखटाला हसले होते.

रतन म्हणाला, त्यानं इचारं माले, फौजी भाई, तुन्हा सोबतीले ज्यानी मारं, ते आमनं सरकार होतं का मी होतो?

"मंग तू काय सांगं?"

तो घोड्यांना वैरण टाकायला निघून गेला.

त्याचं मत बदललं असं मी लिहिणार नाही. तो तिथल्या सरकारला आजही शिव्याच घालेल.

७ डिसें., रवि.

बँकेचं उत्तर नाही. वरच्या बागेतल्या धारा भरत चालल्यात. सरांनी विचारलं, इंदूर? म्हटलं, अजून नाही. या वेळी मी घडाला हात लावणार नाही, कागद येईपर्यंत. मार्थालाही तसं बजावून ठेवलं. ती हसली. माझ्याकडे बघून हसायला लोक शिकलेत.

८ डिसें., सोमवार

सकाळी रतन आला, मोटारसायकलवर, न सांगता. मी गोठ्यात होते. सरांना विचारून वरच्या बागेत गेला म्हणे. मी बाहेर आले तेव्हा तो पॅकहाऊससमोरून चालला होता, खांद्यावर घड, डावा पाय ओढत. मार्थाची टोळी चहा पीत होती, सगळ्यांनी बघितलं. मी हाक मारली, थांबला नाही.

देवळाच्या पायऱ्या त्या पायाने चढला. तापीवर धुकं होतं. मी खाली उभी राहिले, वर गेले नाही. रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

उतरल्यावर म्हटलं, रतन, बँकेचा कागद अजून आलेला नाही. उद्या सकाळी टोळी कापायला उभी राहील. जहाज नाही मिळालं तर?

"ते तू दख," म्हणाला. "मी घड वाही उनू."

मार्थाला थांब म्हटलं नाही, दुपारी खोकी उघडून ठेवली. प्रकाशाचं नाव असलेली, फारसीचीच. पाठवायच्या ठिकाणी हाताने लिहिलं, बंदर अब्बास, इराण, मोठ्या अक्षरात. सर मेल उघडून बसलेत. मार्था विळ्यांना धार लावतेय, आवाज इथपर्यंत येतो.