आमची हलकी बाळं

बुधवार, संध्याकाळ

आज अंगणवाडीत सुमनच्या बाळाला वजनकाट्याच्या झोळीत ठेवायला उचललं आणि उजव्या हातातलं बळच गेलं. मांडी पुढे केली म्हणून ते मांडीवर पडलं. आणि हसलं! सुमनलाही खेळच वाटला. "बाई, अजून एकदा करा." मी तिलाच ठेवायला लावलं.

जव्हारच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मानेत शीर दबलीय, जड उचलू नका. पाण्याचा हंडा उचलणं सोडलं मी. पण आमची बाळं कुठे जड असतात?

खाली फरशी होती. आणि ते हसत होतं.

त्याचं वजन वाढावं म्हणून कितीतरी महिने मीच सुमनच्या मागे लागले होते. आज काटा पुढे सरकला, तिने टाळ्या वाजवल्या, आणि बाळाला झोळीतून काढायलाही मी तिलाच सांगितलं.