कोपरातली करकर

तुमसर
ता. २ जुलै १९८६

परसरामभाऊ,

रामराम. सिहोऱ्याला सगळे खुशाल असतील, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले असतील. इकडे उकाडा आहे, मिल चालू आहे, घरी बरं आहे. अक्षर तुझ्या लेकीचं, कुंताचं आहे हे तू ओळखलंच असशील. बोलणं माझं, भाषा तिच्या शाळेची. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली आहेत. पोरीने बांबूच्या कमच्या लावून ती अशी बांधली, की हाडं बसवण्यात पंचवीस वर्षं घालवल्याची मलाच लाज वाटली.

चार दिवसांपूर्वी ती मावशीच्या घरून माझ्याकडे आली. नागपूरला फिजिओथेरपीच्या कोर्सला नंबर लागला आहे आणि तू फॉर्मवर सही करत नाहीस. म्हणालास म्हणे, "मालिशवाली होऊन लोकायचे पाय दाबशील का? पोट तरी भरते का त्यानं?" म्हणून ती मला विचारायला आली, "काका, खेळाडूंच्या इलाजात कमाई किती?"

मी खरं तेच सांगितलं. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रांचा हंगाम दोन महिन्यांचा. कबड्डीवाले कोणी धान देतात, कोणी कोंबडा, हरलेले शिव्या देतात. बाकी दहा महिने मिलमध्ये पोती उचलायची. पण शिकलेल्याला दवाखान्यात पगार मिळतो, मान मिळतो, आणि शेठने डोळे वटारले तरी "हा आज खेळणार नाही" असं म्हणता येतं.

मला ते म्हणता आलं नाही, भाऊ.

अठ्ठ्याहत्तर साली एकोडीच्या मंडईतला कबड्डीचा अंतिम सामना. मध्यंतराआधी तू कोपरावर पडलास. मी हात धरून फिरवला. सांधा निखळला असता तर टक्कन बसला असता. माझ्या अंगठ्याखाली करकर झाली, भातात खडा लागावा तशी. हाड फुटलं होतं. मागे भैय्यालालशेठ उभे, मिलही त्यांची आणि संघही त्यांचाच. म्हणाले, "मंगरू, याले परत मैदानात उतरव. जिंकलो तर तू पर्मनंट." मी फडकं करकचून बांधलं आणि तुला म्हणालो, "काही नाही झालं बे, लचक आहे. जाय!"

समोरच्या संघातल्या धनीरामने तुझं मनगट धरलं, तू ओढ घेतलीस आणि कोपराचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. त्याची पकड साधी होती. दुसऱ्या दिवशी तुझे भाऊ त्याला साकोलीच्या रस्त्यावर गाठायला निघाले, तेव्हा काठ्या मीच काढून दिल्या. तो ओरडत होता, "मी फक्त पकड धरली होती गा!" आणि मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने, "मारा साल्याले!" त्याचा गुडघा फुटला तेव्हाचा आवाजही मी ओळखला. सामना आपण जिंकलो होतो; आठ दिवसांत माझं नाव मिलच्या पक्क्या हमालांत लागलं. माझ्या या हातांनी केलेली सगळ्यात मोठी कमाई ती.

कुंताला हे तेव्हा सांगितलं नाही. काल एकोडीला जाऊन आधी धनीरामला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, माझा हात उंबऱ्यावर ठेवायला लावला आणि टेकायच्या काठीने तीन रट्टे हाणले. मी हात काढला नाही. मग धापा टाकत म्हणाला, "आता परसरामले सांग. त्याच्या तोंडून मले ऐकाचं आहे, का मी नाही तोडला त्याचा हात."

मघाशी हे पत्र सांगताना फडक्यापर्यंत आलो तेव्हा पोरीने पेन टाकला आणि हाताशी होता तो तांब्या माझ्यावर फेकला. कपाळ फुटलं, बरं झालं. वाटलं, आता ही उठून जाते. डोळे पुसून म्हणाली, "सांगा पुढं. पण बाबाले मीच लिहीन."

तू रागीट आहेस, मी जाणतो. येऊन माझं डोकं फोड, मी पोलिसात जाणार नाही. पण त्याआधी धनीरामच्या दारी एकदा जा. आणि फॉर्मची मुदत पुढच्या सोमवारपर्यंत आहे. माझ्यावरचा राग तिच्या कागदावर काढू नको. तुझ्या उजव्या हाताने आता सही होत नाही, तेही माझ्यामुळेच. डाव्या हाताचा अंगठा लाव, पण लाव.

'तुझा' म्हणायचा हक्क नसलेला,
मंगरू