चौसष्ट बरण्या तोंडपाठ

६ जानेवारी
नवी वही. कोणी वाचायची नाही.

कॉलेजातल्या मॅडमनी दुपारी बोलावलं. प्राणिशास्त्राच्या लॅबला अटेंडंटची एक कायम जागा आली आहे. वीस फेब्रुवारीला परीक्षा. बाहेरून सर येणार, टेबलांवर वीस नमुने मांडणार. घंटा वाजली की पुढच्या टेबलाशी सरकायचं आणि काय आहे ते ओळखून लिहायचं. ज्याला मार्क जास्त त्याला लॅब. दुसऱ्याने ऑफिसच्या इमारतीत जायचं, झाडूपोछा आणि फायलींची कपाटं.

मला हसूच आलं. ही लॅब ह्यांनी सव्वीस वर्षं सांभाळली. हे गेल्यावर दोन वर्षं मी, तात्पुरती. नमुन्यांच्या चौसष्ट बरण्या रोज या हाताने पुसते. ही काय परीक्षा? घरच्या माणसांची हजेरी.

ठराव: जेवणाच्या सुट्टीत रोज आठ बरण्या पाठ. आठ आठे चौसष्ट. आठ दिवसांत खेळ खलास.

७ जानेवारी
एक झाली. स्पंज.

उशीर व्हायला कारण आहे. प्रत्येक लेबलावर नाव आहे आणि नावाखाली ह्यांनी बारीक अक्षरात एकेक ओळ लिहिली आहे. स्पंजखाली लिहिलंय: अंगभर भोकं, तरी प्राणी. हे वाचलं. परत वाचलं. मग घंटा झाली.

आमच्या गावच्या शाळेत बाई म्हणायच्या, वाचलेलं दहादा वाच. तेच केलं. अक्षराचा काही संबंध नाही.

९ जानेवारी
जागेसाठी अर्ज दोनच. एक माझा. दुसरा गेटवरच्या वॉचमनचा. याला सगळं कॉलेज डुलकी म्हणतं, कारण स्टुलावर बसला की पाच मिनिटांत मान छातीवर. ह्यांचा दोस्त. मला वहिनी म्हणतो. म्हणे, गुडघे गेले वहिनी, उन्हात बसवत नाही, आत सावलीत काम मिळालं तर बरं.

म्हटलं, भाऊजी, परीक्षा डोळे उघडे ठेवून द्यायची असते.

तो म्हणाला की तुम्हीच शिकवा मग, बघू किती वेळ उघडे राहतात.

हो म्हटलं. शेजारचा दिवा मिणमिणता असला की आपला उजेड जास्त पडतो.

१० जानेवारी
शिकवण्याची पद्धत मीच काढली. बरणी दोघांच्या मधे. लेबल माझ्याकडे, पाठ त्याच्याकडे. तो आतला प्राणी बघून नाव सांगणार, मी लेबल बघून बरोबर की चूक.

पहिला धडा: हे सगळे अपृष्ठवंशी, म्हणजे पाठीला कणा नसलेले. डुलकी म्हणाला, मग मॅडमसमोर आपण दोघंही याच खात्यात. हसले थोडी.

मार्क: मी चौसष्टपैकी चौसष्ट. डुलकी सहा. त्यातलं एक गांडूळ.

१४ जानेवारी
मुलीचा फोन. आई, बरी आहेस ना. म्हटलं, मला काय धाड भरलीय. मग म्हणाली, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, तू एकदाही रडली नाहीस. म्हटलं, नळ गळत नाही म्हणजे टाकी रिकामी असते असं नाही, वॉशर नवा असतो. ती हसली नाही. हल्लीच्या मुलांना विनोद कळत नाही.

जेलीफिशखाली ह्यांनी लिहिलंय: हृदय नाही, मेंदू नाही, तरी व्यवस्थित.

मी पण व्यवस्थित आहे.

१५ जानेवारी
काही नाही. जळू पुसली. दोनदा.

२० जानेवारी
मॅडम म्हणाल्या, मावशी, विसातल्या सहा स्लाइड असतील हं. ऊती. शरीर ज्याचं विणलेलं असतं ते कापड म्हणजे ऊती, असं त्यांनी समजावलं. चार जाती. अभिस्तर ऊती, म्हणजे फरशीसारखी एकाला एक चिकटून आतलं झाकणारी. संयोजी, म्हणजे सगळ्यांना धरून ठेवणारी. रक्तही त्यातच, हाडही त्यातच. स्नायू, ओढाओढ करणारी. आणि चेता, निरोप पोचवणारी.

मी लगेच म्हटलं, मॅडम, यात अवघड काय? अभिस्तर म्हणजे आमची नणंद, घरातलं बाहेर जाऊ देत नाही. संयोजी म्हणजे मी. स्नायू जावई. मॅडमना हसू आवरेना. मग चेता कोण, म्हणून विचारलं. म्हटलं, ती सध्या रजेवर आहे.

मॅडमचं हसू जरा लवकर थांबलं. बाकी विनोद चांगला झाला होता.

ठराव: उद्यापासून रोज अर्धा तास मायक्रोस्कोप.

२१ जानेवारी
मायक्रोस्कोपवर मॅडमचा वर्ग होता.

२२ जानेवारी
डोळा दुखत होता. उजवा. डावा बरा होता, पण एकटा काय करणार.

२७ जानेवारी
मायक्रोस्कोप. चेता ऊती स्पष्ट दिसली! काळे काळे लांब धागे, टोकाला किंचित वळलेले, मधूनच हलतात. वहीत चित्र काढलं. डुलकीला दाखवलं. तो कितीतरी वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, वहिनी, रागावू नका, पण या तुमच्या पापण्या आहेत.

म्हटलं, तुला काय कळतंय, स्टुलावरच्या माणसाला.

मग त्याने स्वतः बघितलं. बारीक स्क्रू फिरवला. म्हणाला, चांदणीसारखं काहीतरी आहे, आणि तिला एक लांब शेपटी.

त्याची नजर कमजोर असावी.

३ फेब्रुवारी
मार्क: मी चौसष्ट. डुलकी एकेचाळीस.

एक आहेच म्हणा, मी शिकवते चांगली. गोगलगाय आणि माकूळ, म्हणजे स्क्विड, एकाच घरातले हे त्याने आपणहून सांगितलं. एकीचा शंख पाठीवर, दुसऱ्याचा पोटात लपवलेला. समुद्रकाकडी आणि तारामासा सख्खे नातलग, हेही. म्हटलं, तोंडावळ्यावरून वाटत नाही. तो म्हणाला, आत पाण्याच्या नळ्या सारख्याच. कुठून आणतो कोण जाणे. मॅडमचं पुस्तक गेटवर नेतो आणि तोंडावर घेऊन झोपतो. तिथून झिरपत असेल.

मी पुस्तक घेतलं नाही. ह्यांच्या ओळी पुरतात. पट्टकृमीखाली: आतडं नाही, दुसऱ्याच्या आतड्यात घर. ऑक्टोपसखाली: हृदयं तीन. त्यापुढे काहीतरी लिहून खोडलंय. काय असेल? बरणी उजेडाला धरून पाहिली. शाई चांगली होती, खोडलं तेही चांगलं. सुट्टी त्यातच संपली.

घरात हे आठवड्यात चार वाक्यं बोलायचे, त्यातलं एक मीठ कमी आहे. आणि इथे प्रत्येक किड्यासाठी एक ओळ. मला कसला राग नाही. नोंद म्हणून लिहिलं.

११ फेब्रुवारी
डुलकी छप्पन्न.

तो विचारत होता, परीक्षेत लेबलं झाकतील ना, मग आपण कागद लावून सराव करायचा का? म्हटलं, भाऊजी, दोन वर्षं रोज जवळून बघितलेलं माणूस पडद्याआडूनसुद्धा ओळखू येतं.

तो बरं म्हणाला. ऐकून घेतो बिचारा. नापास झाला की त्याला लॅबमध्ये बसायला एक स्टूल देईन. मनात आहे.

१९ फेब्रुवारी
उद्या परीक्षा. मार्क: मी चौसष्ट, सलग सव्वीस वेळा. डुलकीचे विचारले नाहीत, त्याचा धीर सुटायला नको.

ठराव: जागा मिळाली की लेबलांवर पारदर्शक टेप लावून घ्यायची. शाई पुसट होते आहे. बाकी बदल नको.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
झाली परीक्षा.

बाहेरचे सर बुटके, घंटा सायकलची. सगळ्या बरण्यांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या, पट्टीवर नंबर. नीट चिकटवल्या होत्या, कडा सुद्धा.

नंबर एक. आत पांढरट काहीतरी. लांबट. नंबर दोन, पांढरट, जरा जाड. औषधात वर्षानुवर्षं राहून सगळ्यांचा रंग जुन्या मेणबत्तीसारखा होतो, हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं रोज पुसतेय, आणि माहीत नव्हतं. काच ओळखीची, झाकण ओळखीचं. आतलं कोण ते कळेना.

घंटा. सरकले. घंटा. सरकले.

पाचव्या नंबरला सरांना म्हटलं, पट्टी जरा वर केली तर चालेल का, एकच कोपरा. सर म्हणाले, बाई, मग परीक्षा कशाची?

तेही खरंच.

नवव्या नंबरला पट्टीखालून उकाराचं शेपूट बाहेर आलं होतं. एवढं लांब शेपूट हे एकाच शब्दाला काढायचे. विंचू लिहिलं. बरोबर असणार.

स्लाइडला डोळा लावला. पापण्या. सहाही ठिकाणी. सहाही वेळा चेता ऊती लिहून टाकलं.

डुलकी माझ्यापुढे एक टेबल होता. वाकून बघायचा, मान हलवायचा, लिहायचा. एकदाही झोपला नाही. माझी वाट बघत बाहेर थांबला होता. कसा गेला पेपर म्हणून विचारलं. म्हटलं, हजेरी घेतली, सगळे हजर होते.

२४ फेब्रुवारी
निकाल बोर्डावर लागला. डुलकी विसात सतरा. मी तीन. विंचू, गांडूळ आणि एक चेता ऊती.

मॅडम म्हणाल्या, मावशी, असं कसं झालं, तुम्ही तर त्याला शिकवत होतात. म्हटलं, म्हणूनच.

डुलकी लॅबमध्ये येऊन उभा राहिला. म्हणाला, वहिनी, मी नाव मागे घेतो, माझ्या गुडघ्यांचं काय, होईल काहीतरी. म्हटलं, तीन मार्कांना कोणी लॅब देत नाही, आणि गेटवर झोपायला आता दुसरा शोधलाय त्यांनी. तो हसत नव्हता, मी हसत होते.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, जाऊ दे, रडू नकोस. रडतंय कोण.

२८ फेब्रुवारी
लॅब डुलकीच्या ताब्यात द्यायची होती. मॅडमनी यादी दिली. तो एकेक नमुना बघून नाव सांगणार, मी यादीवर टिक करणार, खाली दोघांच्या सह्या.

तो काचेच्या कपाटात मागच्या बाजूने बघत होता, सवय झालीय त्याला तशी. स्पंज. टिक. जेलीफिश. टिक. चपटे कृमी, गोलकृमी. टिक, टिक. एकही चुकला नाही. मी यादीतच बघत होते.

शेवटून चौथी बरणी, तारामासा. मी टिक केली. तो पुढचं नाव घेईना. म्हणाला, वहिनी, इकडून या जरा, हे पाहिलंय का?

मागून गेले. लेबल पलीकडे राहिलं. आत पाच हात. चार लांब, आणि एक एवढासा, करंगळीच्या नखाएवढा.

विचारलं, हा असा का. डुलकी म्हणाला, तुटला असणार, नवा येत होता. येतो म्हणे, यांचा तुटलेला हात परत येतो. वेळ लागतो. मग म्हटलं, हा पुरा का नाही आला? तो म्हणाला, आला असता वहिनी, पण मध्येच बरणीत घातला ना.

बघत उभी राहिले. किती वेळ ते लिहिलं नाही.

मग उरलेल्या तीन टिक केल्या. सही केली. त्याने केली. किल्ली त्याला दिली. त्याने कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

सोमवारी ऑफिसच्या इमारतीत. ठराव काही नाही.