दादाच्या हातचं काम

मंगळवार, ४ नोव्हेंबर

स्प्लिट पिनच्या जागी तार! साधी बांधायची तार! दोन पीळ मारले, टोक वाकवलं, झालं काम. आणि कुणाचं काम? दादाचं! मी एकदा पिनऐवजी तार वापरली म्हणून ज्याने मला आख्खा दिवस गॅरेजच्या बाहेर उभं केलं होतं, त्याचं!

नीट लिहिते, नाहीतर रागाच्या भरात पान फाटेल.

सकाळी मोजणीवाल्या बाई आल्या. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी मोजत फिरणं ही त्यांची नोकरी. खात्याची उंच, चारही चाकांनी ओढणारी गाडी आहे त्यांच्याकडे. मागचा दिवा फुटलेला, मागच्या दाराला हा एवढा पोचा. म्हणाल्या, "तुमच्याच भावाने महिन्यापूर्वी लॉक बसवून दिलंय. काल चिखलाच्या चढावर लॉकचा दांडा ओढला, डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा लागला. लॉक लागलं असं समजून मी गाडी घातली. तर गाडी मागे यायला लागली! दगडाला अडली म्हणून इथे उभी आहे."

"मागे काय होतं?" मी विचारलं.

"दगडाच्या मागे? काही नव्हतं," म्हणाल्या. पाणी दिलं त्यांना. पेला एका दमात रिकामा केला बिचारीने.

ह्या गाडीच्या मधल्या डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्रात, लॉक असतं, कारखान्यातूनच आलेलं. पण त्याला दांडा जोडलेलाच नसतो. म्हणजे कुलूप आहे, किल्ली नाही. जुन्या गाडीचा दांडा, ओढ वळवणारा मधला कोपरा आणि रॉड आणून जोडणी करायची, की झालं. लॉक लागलं की पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. मग एक चाक चिखलात फुकट फिरत बसलं तरी बाकीची गाडी ओढून नेतात. काम किचकट आहे, अवघड नाही. दादाला तर झोपेत जमेल.

मग रॉड सुटू नये म्हणून पिन हवी, तिथे ही तार काय?

सोमवारी बाईंना परत वर जायचंय. होईल म्हणून सांगितलं.

बुधवार, ५

दोन सीटांमधला दांड्याचा खोका उघडला. उघडला कसला, हातात आला! सहापैकी तीनच बोल्ट. त्यातल्या एकाचे आटे गेलेले—वाकडा लावून तसाच आवळलाय. पाना घसरून घसरून बोल्टांची डोकी गोल झालीत. आजूबाजूच्या पत्र्यावर ओरखडेच ओरखडे, उंदराने कुरतडल्यासारखे.

आणि रॉड! लांबी जुळवलेलीच नाही. दांडा ओढला की रॉड अर्ध्यातच थांबतो. दिव्याचं बटण तेवढं दाबलं जातं, लॉक लागतच नाही. म्हणजे दिवा खोटं बोलत होता. आणि बाई त्या दिव्याच्या भरवशावर चढावर गेल्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. हे चुकून होत नाही. हे होतं 'चालतंय की' म्हटल्यावर. गिऱ्हाईक बाई आहे, हिला काय कळतंय, असं म्हटल्यावर.

आणि मला काय म्हणाला होता? जुलैची सात तारीख. मी क्लच प्लेट काढत होते. मागे येऊन उभा राहिला नि म्हणाला, "गिऱ्हाइकांना बाईच्या हातचं काम नको असतं. तू तुझं वेगळं बघ." एकोणीस वर्षं! बाबा गेल्यापासून एकोणीस वर्षं एकाच गाडीखाली दोघं. हत्यारांची पेटी उचलली. दोन गल्ल्या पलीकडे टायरवाल्याच्या मागची शेड घेतली. आई माझ्याबरोबर आली. त्याने तिलाही अडवलं नाही.

आता बघा म्हणावं बाप्याच्या हातचं काम!

गुरुवार, ६

कोपऱ्याचा बुश—ज्यावर कोपरा फिरतो ती नळी—उलटा घातलाय. उलटा!!

शुक्रवार, ७

सहा तास उताणी. मान गेली, खांदा गेला.

जुनं सगळं काढून टाकलं. आटे नव्याने पाडले. कोपरा बसवला, बुश सुलटा घातला. मग रॉड. गिअरबॉक्सच्या पाठीवर जागा एवढीशी—मनगटापर्यंत हात जातो आणि पुढचं काही दिसत नाही. आंधळं काम. सर्क्लिप, ती रॉड अडकवायची बारीक स्प्रिंगची कडी, तीनदा उडाली. एकदा गालाला लागली. तिन्ही वेळा शिव्या दिल्या, तिन्ही वेळा त्याच्याच नावाने.

मी बारा वर्षांची असताना त्याने माझ्या डोळ्यांना फडकं बांधलं होतं. हातात सर्क्लिप आणि चिमटा दिला. "डोळ्यांना काय विचारतेस? बोटांना विचार." स्वतः डोळे मिटून कार्ब्युरेटर उघडायचा आणि जोडायचा. लोक बघायला थांबायचे. मी हत्यार धरलं की सोडत नाही म्हणून मला 'पक्कड' म्हणायचा. "पक्कड, इकडे ये. पक्कड, हे धर."

कशाला आठवतंय हे? ज्याला येत नाही त्याने वाईट काम केलं तर समजतं. ज्याला येतं त्याने केलं तर ती मस्ती. दुसरं काही नाही.

चौथ्यांदा बसली सर्क्लिप. बोटांना विचारून.

संध्याकाळी आई म्हणाली, "मोठा भाऊ आहे तुझा."

"म्हणूनच!" मी म्हटलं.

"हल्ली माझ्याकडेही दारातूनच जातो. चहा ठेवते म्हटलं तर थांबत नाही."

"जाऊ दे ना मग! कशाला ठेवतेस?"

आई भाजी निवडत बसली.

शनिवार, ८

गेले होते. होय, गेले होते! जुना रॉड फडक्यात गुंडाळला, तार तशीच ठेवून, आणि गेले.

चार महिन्यांनी त्या गॅरेजात पाऊल ठेवलं. माझ्या जागी ऑइलचे डबे रचलेत. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली. दादा टेबलाजवळ उभा, दोन्ही हात खिशात. एखाद्या मालकासारखा!

मी रॉड त्याच्या समोर धरला. "हे काय आहे?"

"रॉड."

"ते मलाही दिसतंय. त्याला हे काय लावलंयस?"

बघितलंसुद्धा नाही. "पिन नव्हती त्या दिवशी."

"पिन नव्हती? भिंतीवर डबाभर पिना आहेत!"

"घाई होती."

"बाई मेली असती, दादा! दिवा लागतो आणि लॉक लागत नाही! एवढं तपासलं नाहीस?"

मला वाटलं, भांडेल. ओरडेल. तू कोण मला शिकवणारी म्हणेल. मी तयारीत होते, शब्द न् शब्द पाठ करून गेले होते. पण हा गप्पच.

"घे," मी म्हटलं. "हातात घेऊन बघ तरी काय करून ठेवलंयस ते."

घेतला नाही. खिशातून हात बाहेर काढायचीसुद्धा तसदी नाही! राजेसाहेब! मी रॉड त्याच्या पायाशी टाकला. एवढा आवाज झाला की बाकावरचे दोघं उठून उभे राहिले. मग त्यांच्याकडे वळून, मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "ह्याच्याकडे सायकलची चेनसुद्धा टाकू नका!"

मागच्या खोलीतून वहिनी बाहेर आली. "आत ये ना, बस जरा." मी कशाला बसतेय!

निघाले तेव्हा मागून म्हणाला, "तू नीट केलंस ना आता?"

"तुला काय करायचंय?"

"नीट केलंस ना, एवढंच विचारतोय."

निर्लज्ज!

रविवार, ९

घरीच. भांडी घासली. आई म्हणाली, "त्या पातेल्याने काय घोडं मारलंय तुझं?"

सोमवार, १०

झालं!

पुढचं एक चाक जॅकवर उचललं. गाडी न्यूट्रलला, दांडा मोकळा—चाक हाताने गरगर फिरलं. मग बाईंना दांडा ओढायला लावला. खाली कट्ट असा आवाज आला. त्या आवाजावर जीव ओवाळून टाकावा! चाक फिरवून पाहिलं—जागचं हलेना. मी दोन्ही हातांनी लटकले, तरी नाही. बाईंनाही लटकायला लावलं. त्या हसायला लागल्या. मीही हसले, आठवड्यात पहिल्यांदा. मग टायरवाल्याच्या मागच्या खडीच्या ढिगावर गाडी घातली. एक चाक खडीत फिरत राहिलं, बाकीच्यांनी गाडी वर काढली. दिवा लागला तो खरा लागला.

निघताना बाई म्हणाल्या, "एक काम कराल? आधीच्या कामात काय काय चुकलं होतं ते लिहून द्या. साहेबांना दाखवते. आमच्या सगळ्या गाड्या तुमच्या भावाकडेच जातात. खात्याच्या यादीत त्यांचंच गॅरेज आहे. उद्या आणखी कुणी चढावर जाईल."

खरं होतं. त्यात खोटं काय होतं?

कामाचं टेबल पुसलं, बसले आणि लिहिलं. तीन बोल्ट. आटे. बुश. रॉडची लांबी. न तपासता दिलेली गाडी. तार सगळ्यात शेवटी लिहिली आणि तिच्याखाली रेघ ओढली. वर आणखी एक वाक्य लिहिलं, जे बाईंनी मागितलं नव्हतं—'सदर कारागिराने हे काम निव्वळ बेफिकिरीने केले आहे.' खाली सही. पूर्ण नाव. आडनाव त्याचं नि माझं एकच.

बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "एवढं कडक?"

"एवढंच," मी म्हटलं.

मंगळवार, ११

रागाला काम लागतं. आज काम नव्हतं. एक पंक्चर, एक वायपर. दिवसभर त्याचा तो प्रश्न डोक्यात—तू नीट केलंस ना. त्याला बरा उद्योग! स्वतः घाण करायची आणि वर माझी परीक्षा घ्यायची!

उत्तर द्यायला हवं होतं. 'हो, केलं. तुझ्यापेक्षा चांगलं केलं.' तिथे सुचलं नाही. आत्ता सुचतंय, इथे, कागदावर.

बुधवार, १२

बाईंचा फोन. पत्र साहेबांकडे गेलं. दादाचं गॅरेज यादीतून काढलं. आणि त्या जागी माझं घातलं! पाच गाड्या. पुढच्या आठवड्यात पहिली येतेय.

आईला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि आत गेली. नुसतं 'बरं'!

बाईच्या हातचं काम नको असतं गिऱ्हाइकांना. हो का? आता सांग म्हणावं! चार महिने ह्याच दिवसाची वाट बघत होते. नाकावर टिच्चून मिळवलं. आनंद झालाय मला. झालाच पाहिजे.

गुरुवार, १३

दुपारी वहिनी आली. मला वाटलं, भांडायला आली. स्टुलावर बसली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, एप्रिलपासून दादाच्या शर्टाची बटणं ती लावते. आधी उजवा हात, आता डावाही. बोटांना काही कळत नाही, धरलेलं सुटतं. डॉक्टर जूनमध्येच म्हणाले, बोटांची जाण परत येणार नाही. त्या लॉकच्या कामाला त्याला पाच दिवस लागले होते. झालं म्हणून शटर ओढून घेतलं नि तसाच जमिनीवर बसून राहिला.

बाई मेल्या असत्या, हे खरंच आहे. तेही त्याने वहिनीला सांगितलंय—शनिवारी, मी गेल्यावर. पत्राचं कळल्यावर म्हणाला, "बरोबर लिहिलंय."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं? मलासुद्धा नाही?"

"तुलाच नाही," वहिनी म्हणाली. "म्हणून तर तुला आधी वेगळं काढलं. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसतं, म्हणाला. हिला पहिल्याच नटाला कळेल."

कळलं नाही, वहिनी. चार दिवस त्याच्या कामाखाली उताणी पडले होते. एकेक नट हातात घेऊन बघितला. मला नाही कळलं.