ताईच्या पानावरचा आकडा

ती. मामीस,

लांबूनच वाकून नमस्कार. (समोर असतीस तरी लांबूनच केला असता, कारण ताईच्या दवाखान्यातल्या खुर्चीने माझी कंबर धरली आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? चष्मा शोधायला मामाने दुसरा चष्मा घेतला म्हणे, खरं का?

परवा तू फोनवर माझी लाज राखलीस, त्याचे आभार मानायला हे पत्र. फोनवर आभार मानले की तू ‘गप रे’ म्हणतेस. पत्राला गप करता येत नाही.

तुला ठाऊकच आहे, माझी नोकरी गेल्यावर ताईने मला तिच्या नव्या डोळ्यांच्या दवाखान्यात टेबलाशी बसवलं. पेशंट येईनात, म्हणून वेबसाइटही माझ्याच गळ्यात मारली. ताई रोज सकाळी एका फाइलीत चार ओळींची सूचना लिहिणार आणि वेबसाइटच्या पानाने ती वाचून दाखवायची, एवढंच काम. तेही जमलं नाही तर घरी बस, असं तिने बजावलं होतं (सख्खी बहीण बरं का!). पहिल्या दिवशी पानावर नुसतं फाइलीचं नाव उमटलं. ताई म्हणाली, दारावर पाटी लावलीस, घर कुठाय? मग मी पीएचपी या वेबसाइटच्या भाषेच्या पुस्तकातून ‘रीडफाइल’ उचललं आणि काही कमी पडायला नको म्हणून त्याच्या जोडीला ‘एको’ही (म्हणजे ‘पानावर छाप’ असा हुकूम) ठोकून दिला. सूचना झकास उमटली, पण तिच्या शेपटाला एक आकडा! रोज नवा. ताईने जरा जास्त लिहिलं की तो फुगायचा. माझी पाचावर धारण बसली. नशीब, नेमके त्याच आठवड्यात पेशंट वाढले आणि ताईला पान बघायला फुरसतच मिळाली नाही.

तू मात्र भांडी घासता घासता निदान केलंस. रीडफाइल फाइल वाचून स्वतःच पानावर ओततं आणि किती बाइट ओतले तो आकडा आपल्या हातात ठेवतं. माझा एको तोही छापून मोकळा होत होता. तू म्हणालीस, ‘अरे, ती बाई स्वतःच बोलतेय, तिच्या तोंडाशी माइक कशाला धरतोस?’ मामी, इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. एको खोडला, आकडा गेला. मला खरंच भरून आलं. तू नसतीस तर मी आज घरी असतो.

तुझा उपकृत भाचा

ता. क. एक सांगायचं राहिलं. तो आकडा म्हणजे नजरेची चाचणी आहे, असा लोकांचा समज झाला होता. हात लांब करून मोबाइल धरायचे आणि ज्यांना आकडा दिसेना ते तपासायला यायचे. रोज बदलायचा, त्यामुळे पाठ करून फसवायचीही सोय नव्हती. आता बाकडी पुन्हा रिकामी आहेत. तेव्हा तो एको नक्की कुठे होता, तेवढं कळव. मी खोडला, पण जागा विसरलो.

आणखी ता. क. पेशंटांकडून ताईला आकड्याचं कळलं आणि तो कुणी काढून टाकला म्हणून तिने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. ती रविवारी तुला फोन करणार आहे, त्याच्या आत माझा उचल.