वळणावरचे ओटे

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे, साइटही बरी आहे. वहिनीची मान आता कशी आहे ते कळव. फोनवर तू माझं वाक्य कधी पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहितेय.

नव्या उपचार केंद्राच्या रॅम्पचा स्लॅब परवा भरला. वळणांवरच्या ओट्यांसाठी वर काढून ठेवलेल्या सळ्या तशाच उभ्या आहेत. सळईवाले काका म्हणाले, "ताई, ओटे रद्द झालेत ना, मग कापू?" मी नको म्हटलं. ओटे कामांच्या यादीतून गेलेत हे मला ठाऊक आहे. ते काढले त्या बैठकीत तू साहेब म्हणून फळ्यासमोर होतास आणि मी साइट इंजिनियर म्हणून तुझ्या शेजारी.

तुझी पद्धत मला अजूनही पटते, हे आधी सांगते. इमारतीतल्या प्रत्येक गोष्टीचं कार्ड करायचं, तिचं काम दोन शब्दांत लिहायचं, आणि जिचं काम उद्दिष्टाला लागत नाही तिला रजा द्यायची. उद्दिष्टही तूच लिहिलं होतंस: 'चालायला नव्याने शिकणारा माणूस आपल्या पायांनी वर पोहोचावा.' जेवून आलो तर त्याखाली काम संपवायची तारीख आली होती. संध्याकाळपर्यंत फळ्यावर तारीखच उरली.

ओट्यांचं कार्ड मी लिहिलं होतं. घाईघाईत, 'शोभा वाढवणे'. शोभेची सगळी कार्डं तू एका झटक्यात बाजूला काढलीस. तिथे तुझं काही चुकलं नाही, माती मीच खाल्ली.

परवा तू विचारलंस, "आता अचानक ओट्यांचा पुळका का आलाय तुला?" मी विषय टाळला, कारण आईला शब्द दिला होता. तो आता मोडते.

आईच्या उजव्या पायातली ताकद गेलीय. चार महिन्यांपासून ती जुन्या केंद्रात व्यायामाला जाते. गेल्या सोमवारी तिथल्या रॅम्पवर ती अर्ध्यातच थांबली. बसायला काही नव्हतं. शेवटी भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत राहिली, "काही नाही, चपलेचा पट्टा सैल झालाय." नंतर मला म्हणाली, "दादाला कळवू नकोस. त्याच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहेत?" मला तिची दया नाही आली, दादा, तुझा राग आला. ती फोनवर 'छान आहे' म्हणते आणि तुला तेवढं पुरतं. मलाही चार महिने पुरलंच की, नाहीतर ते कार्ड मी तसं लिहिलं नसतं.

ओटे वगळलेल्या यादीवर तुला माझी सही हवी आहे. ती मिळणार नाही. वरून दबाव आण, मला दुसऱ्या साइटवर धाड, मी हटणार नाही. नवं कार्ड सोबत जोडलंय, 'विसावा देणे'. तारीख चार दिवस पुढे जाईल. जाऊ दे.

येत्या सोमवारी दहा वाजता आईला तू घेऊन जा. ती मध्येच थांबली की तिच्या शेजारी खाली बस, नाहीतर उभा राहून घड्याळ बघ. मग इकडे ये, आणि सळ्या कापायच्याच असतील तर काकांना स्वतःच्या तोंडाने सांग. मी सांगणार नाही.

तुझी धाकटी
(माझी सही फक्त या पत्रावर आहे.)