जीपबाहेरची फळी

८ जानेवारी

तात्या उतरले! सगळ्या युनिटसमोर जीपच्या फळीवरून उतरले. म्हणाले, "कमरेला बांधायचा पट्टा आल्याशिवाय मी बसणार नाही."

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

खाणीतला कच्चा रस्ता. जीपच्या बाजूने बाहेर काढलेली लाकडी फळी, तिच्या पुढे बांधलेला कॅमेरा. फोकस सांभाळणाऱ्याने फळीवर बसायचं. हिरो जीप चालवत वळणावर मान वळवणार, आणि त्याचे डोळे स्वच्छ दिसले पाहिजेत. फोकस इतकी वर्षं तात्यांचा. मी त्यांच्या हाताखाली. क्लॅप मारायची, लेन्सच्या पेट्या वाहायच्या.

पट्टे आणणारी गाडी वाटेत बंद पडलेली. ऊन उतरत चाललेलं. दिग्दर्शकाच्या येरझाऱ्या. "तात्या, दोन मिनिटांचं काम आहे हो!"

"पडायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत."

कुणीतरी हसलं. मग कॅमेरामन साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले नव्हते, नेहमीसारखंच हळू विचारलं — "तू बसतेस?"

सहा वर्षं क्लॅप मारतेय मी.

"बसते."

मी चढताना तात्या एवढंच म्हणाले, "डावा पाय आत दुमडून घे." पहिल्याच टेकमध्ये झालं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं, तर तात्या निघून गेलेले.

९ जानेवारी

मांडीवर फळीचा काळानिळा वळ. आईला म्हटलं, पेटी लागली.

१२ जानेवारी

शॉट पाहिला. वळणावर जीप उडते, धुरळा उठतो, आणि त्यात त्याचे डोळे — पापणीचा केस न् केस दिसतोय. हे मी केलं! अंधारात बसून रडले थोडी. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "यापुढे फोकस तुझा."

आईला फोन केला. "म्हणजे आता पेट्या उचलायच्या नाहीत ना?" तिला अजून वाटतं मी हमालीच करते. फारसं चुकीचंही नाही म्हणा.

उद्या कामावर बोलावलेल्यांच्या यादीत तात्यांचं नाव नाही. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

३ फेब्रुवारी

माझ्या जागी नवा माणूस आला. आधी शिकवण्या घ्यायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. माझ्यापेक्षा मोठा, बायको आहे, मुलगी शाळेत जाते. तरी मला "ताई" म्हणतो, अहोजाहो करतो. क्लॅप इतक्या हळू वाजवतो की जणू कुणाची झोप मोडेल! साऊंडवाले वैतागले. पण एकदा सांगितलेलं विसरत नाही.

जेवताना लाइटवाल्यांनी त्याला फळीची गोष्ट सांगितली. तिखटमीठ लावून. "हात सोडून बसली होती ही!" मी म्हटलं, एवढं काही नव्हतं हो. पण थांबवलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं.

२० फेब्रुवारी

धीर करून तात्यांकडे गेले. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे न बघता "या" म्हणाल्या. तात्या मटार सोलत बसलेले. दुसरे दोन पिक्चरवालेही आता त्यांना नाही म्हणालेत. तात्या हट्टी आहेत, अशी बोलवा झालीय.

मी म्हटलं, "तात्या, तुम्ही रागावलात."

"रागावलो असतो तर चहा मिळाला असता का तुला?" मटाराची शेंग सोलत म्हणाले, "मी उतरलो तेव्हा काम थांबलं होतं गं. खरंच थांबलं होतं. तू बसलीस आणि ते चालू झालं."

चहा तसाच ठेवून आले.

५ एप्रिल

खाणीतल्या शूटिंगचे काही तुकडे राहिलेत. उद्या छोटं युनिट तिकडे जाणार, आम्ही स्टुडिओत. तिकडच्या फोकससाठी साहेबांना मीच मास्तरचं नाव सुचवलं. मला कुणी इतक्या लवकर सुचवलं नव्हतं! त्याने लगेच बायकोला फोन लावला. कान लाल झाले होते त्याचे.

दुपारभर शिकवलं. लेन्सच्या फोकसच्या चाकावर खुणा कशा करायच्या, खुणेकडे न बघता माणसाकडे कसं बघायचं. प्रॉडक्शन मॅनेजरला विचारलं, "पट्टे जाणार ना?" तो म्हणाला, "जातील हो, जातील." फोन कानाला लावलेलाच होता त्याने. पुन्हा विचारलं नाही.

६ एप्रिल

शॉटच्या मध्येच साहेबांना फोन आला. बाहेर जाऊन आले. चेहरा पांढराफटक.

खाण. वळण. मास्तर फळीवरून फेकला गेला.

दिग्दर्शक म्हणाले, एवढा शॉट पुरा करू. पुरा केला. चाक माझ्या हातात होतं. काय स्वच्छ दिसत होतं, काय नाही, मला आठवत नाही.

७ एप्रिल

जिवंत आहे. कण्याला मार. डॉक्टर म्हणतात, चालता येईल की नाही ते आत्ताच सांगता येणार नाही.

हॉस्पिटलात बाकावर त्याची बायको होती. मी कोण ते सांगितलं, तर उठून मला बसायला जागा दिली. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

"फळीवर बसायच्या आधी त्यांनी मला फोन केला होता, ताई. पट्टे आलेच नाहीत म्हणाले. मी म्हटलं, मग नाही म्हणा की सरळ. तर म्हणाले — ताईंनी कुठे नाही म्हटलं होतं?"